भद्रकालीतला वाडा हेडसेटमध्ये : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते मार्च २०२५

४ जानेवारी, शनिवार
वाडा दोन चौकी, नाशकातल्या भद्रकालीच्या मागच्या बोळात. मागचा चौक पावसाळ्यात बसला, पुढचा उभा आहे. मालकी चार भावकीत, त्यातली दोन घरं नाशिकबाहेर. दुरुस्त करायचा की उतरवायचा, हे चौघांनी मिळून ठरवायचंय. प्लॅन आणि सेक्शन (उभा छेद) दाखवून झाले, त्यावरून कुणालाच काही कळलं नाही. म्हणून दोन कामं घेतली. पहिलं, पुढचा चौक, ओसरी, माजघर आणि माडीचा जिना खऱ्या मापात व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून दिसणाऱ्या आभासी जागेत, चालून पाहता यावा. दुसरं, सुचवलेली दुरुस्ती जागेवरच फोनमधून एआरने, म्हणजे कॅमेऱ्यातल्या खऱ्या दृश्यावर चित्र बसवून, दिसावी.

३६० अंशांचे फोटो आधी काढून पाहिले होते, दोन तासांचं काम. पण त्यात माणूस एका जागी खिळतो, वाकून कोनाड्यात डोकावता येत नाही आणि माजघर किती खोल आहे ते समजत नाही. रद्द.

साहित्य: २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, १८ मिमी लेन्स, तिकाटणं, बॉशचा लेझर मीटर, ३० मीटर टेप, ओळंबा, गवंड्याची पाण्याची लेव्हल ट्यूब, उजेड मोजायला भाड्याचा लक्समीटर. हेडसेट सेकंडहँड क्वेस्ट ३, ४४,००० रुपये. जुना क्वेस्ट २ आधीपासून होता. सॉफ्टवेअर: फोटो जुळवून त्रिमितीय आकार (स्कॅन) काढायला रिअॅलिटीकॅप्चर, मॉडेल आणि उजेडाला ब्लेंडर ४.२, हेडसेटमध्ये चालवायला गोडॉट ४.३. तिन्ही आम्हाला फुकट. रिअॅलिटीकॅप्चर २०२४ पासून वर्षाला दहा लाख डॉलरपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांना मोफत झालं.

५ जानेवारी
दिवसभर नुसती मापं. ओसरीला पाच खण. जुन्या नकाशात पाचही सारखे, टेपने मोजले तर ४ फूट ७ इंच ते ५ फूट १ इंच. चौकाची फरशी पन्हळीकडे ७ सेंमी उतरते, हे लेव्हल ट्यूबने कळलं. लेझर मीटरने कळलं नसतं. माजघराच्या दाराची मोकळी उंची ५ फूट २ इंच, उंबरठा साडेपाच इंच.

बारा अंतरं निवडून, दोन्ही टोकांना खडूच्या फुल्या मारून वहीत लिहिली. यांना पक्की अंतरं म्हणू. पुढे स्कॅन बरोबर आला की नाही ते यांच्यावरूनच तपासायचं. हा अर्धा दिवस कुणी वाचवू नये.

११ आणि १२ जानेवारी
फोटो, एकूण १,८४०. एफ ८, आयएसओ १००, व्हाइट बॅलन्स कुलूपबंद. चौकात हातात कॅमेरा चालला, माजघरात तिकाटण्यावर एक ते दोन सेकंद. शेजारच्या दोन फोटोंमध्ये ७० ते ८० टक्के भाग सामाईक हवा. जागा बदलायची म्हणजे पाऊलभर सरकायचं. एकाच जागी उभं राहून मान फिरवली तर कोणती गोष्ट किती लांब आहे ते सॉफ्टवेअरला कळत नाही.

पहिल्या दिवसाचे साडेतीनशे फोटो वाया गेले. माजघराच्या भिंतींना नुकता चुना मारलेला. पांढऱ्या सपाट भिंतीवर सॉफ्टवेअरला धरायला खूण सापडत नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राचे कपटे पिठाच्या खळीने चिकटवले. त्यातही घोळ झाला: एकाच अंकाच्या चार प्रती फाडल्या होत्या, त्यामुळे तीच जाहिरात चार भिंतींवर. सॉफ्टवेअरने पूर्वेची भिंत पश्चिमेवर बसवली. वेगवेगळ्या दिवसांचे अंक घ्यावेत आणि कपटे हाताने वेडेवाकडे फाडावेत. कात्रीचे चौकोन नकोत.

१४ जानेवारी
कौलांचं छायाचित्रण संक्रांतीला ठरवणं ही सरळ चूक. आभाळभर पतंग आणि गच्चीगच्चीवर मांजा. ड्रोनचा विचार तसाही सोडला होता. देवळालीची छावणी आणि ओझरचा विमानतळ जवळ, त्यामुळे डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळाच्या नकाशावर आधी जागा तपासावी लागली असती, आणि तेवढा वेळ नव्हता. १६ फुटी बांबूला कॅमेरा बांधून, फोनवरून वायफायने क्लिक करत दोन दिवसांनी काम उरकलं. बांबू डुलतो, म्हणून शटर १/५०० च्या खाली नेऊ नये.

१८ जानेवारी
उन्हाचा दिवस. चौकात सावली कुठे पडते याचे दर अर्ध्या तासाने फोटो आणि फरशीवर खडूच्या रेघा. प्रतिकृतीतलं ऊन यांच्याशी जुळवायचं.

उत्तर दिशा फोनच्या होकायंत्राने घेतली होती. खिडक्यांचे गज आणि नवीन लोखंडी आधार यांनी ती ९ अंश फिरवली. उपाय जुनाच: ओळंबा टांगायचा आणि सूर्य मध्यावर असताना दोरीची सावली आखायची, ती रेघ म्हणजे खरी उत्तर-दक्षिण. मात्र घड्याळातले बारा धरू नयेत. भारताची वेळ ८२.५ अंश रेखांशाची, नाशिक ७३.८ च्या आसपास. त्यातून ३५ मिनिटं आणि जानेवारीच्या या आठवड्यात सूर्याची आणखी दहा. आज मध्यान्ह १२:४५ ला. त्या वेळी सूर्य साधारण ४९ अंशांवर होता, म्हणजे १३ फुटांवरच्या वळचणीची सावली ११ फुटांच्या थोडी वर. टेपने ११ फूट ४ इंच आली.

२५ आणि २६ जानेवारी
फोटो जुळवणी. लॅपटॉप आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्डाचा, रॅम १६ जीबी. रॅम अपुरी पडली, मशिन दोनदा गोठलं. ३२ जीबी केली, ३,८०० रुपये गेले.

जुळवणीचे तीन तुकडे पडले: बोळ, चौक आणि माजघर. कारण दारं. बाहेरच्या उजेडातून आतल्या अंधारात जाताना तीन-चारच फोटो घेतले होते आणि त्यांचं एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घेतला ते) एकमेकांशी जुळत नव्हतं. पुन्हा जाऊन प्रत्येक दारात फूटभर अंतराने १४ ते १८ फोटो घेतले. उंबरठ्याबाहेरून सुरुवात, चौकटीत थांबून दोन्हीकडे वळून, मग आत. प्रत्येक जागी तीन एक्स्पोजर. एकसंध जुळलं.

बारा पक्क्या अंतरांपैकी चार प्रमाण ठरवायला दिली, आठ तपासायला ठेवली. सर्वांत मोठा फरक ११ मिमी, तोही माडीच्या जिन्यात. इतका चालेल. सगळीच्या सगळी प्रमाणासाठी दिली तर तपासायला काही उरत नाही, आणि आकडे उगीच सुंदर दिसतात.

२ फेब्रुवारी
स्कॅनचा पृष्ठभाग म्हणजे त्रिकोणांचं जाळं; कच्चं जाळं ८ कोटी ६० लाख त्रिकोणांचं. हेडसेटला आम्ही साडेपाच लाखांची मर्यादा घातली. एका झटक्यात कमी केलं तर तुळयांच्या कडा मेणासारख्या वितळल्या आणि कडीपाट पोत्यासारखा लोंबला. स्कॅन मापांसाठी ठेवायचा आणि सरळ रेषेत घडलेल्या वस्तू त्यावर हाताने नव्याने बांधायच्या असं ठरलं. तुळया, कड्या, दारं, पायऱ्या हाताने. भिंतींचे पोपडे, जोत्याचा दगड, फरशी स्कॅनमधून.

९ फेब्रुवारी
तीन संध्याकाळी मॉडेलिंग. सुरूच्या घाटाचे सोळा खांब आहेत. एक नीट बांधला, पंधरा नकला केल्या. नकलेचे त्रिकोण मेमरीत एकदाच बसतात, म्हणून हे सोयीचं वाटलं. (पुढे २३ मार्चला त्याची किंमत मोजली.)

पडलेल्या मागच्या चौकाचा ढोबळ आकार जुन्या नकाशावरून उचलला. नकाशा फूट-इंचांत. कुणीतरी घाईत १ फूट म्हणजे ३० सेंमी धरलं. ३०.४८ हवं होतं. ४० फुटांची बाजू १२ मीटर झाली, १२.१९ व्हायची होती. १९ सेंमीची फट दोन चौकांमधल्या भिंतीत दिसल्यावर लक्षात आलं. फट दिसली हे नशीब, नाहीतर ती भिंत कुणी तरी गुपचूप ताणून जोडली असती.

१५ आणि १६ फेब्रुवारी
उजेड. हेडसेटमध्ये चालू दिवे हिशेबाला जड पडतात, म्हणून ऊन आणि सावली ब्लेंडरमध्येच टेक्श्चरवर (आकारावर चढवलेल्या चित्रावर) भाजून, म्हणजे आधीच हिशेब करून रंगवून घेतली. एका खेपेला ११ तास. चार खेपा झाल्या.

पहिली खेप: माजघरात भिंत आणि कडीपाट यांच्या सांध्यातून उन्हाच्या चिरा. स्कॅनमध्ये भिंतीची फक्त कातडी येते, दोन फुटांची जाडी येत नाही, त्यामुळे ऊन आरपार. बाहेरून प्रत्येक खोलीला साधी पेटी घातली, थांबलं.

दुसरी खेप: सावली खडूच्या रेघेपासून वीतभर पूर्वेला. उत्तर दिशा बरोबर होती. दोन तास शोधल्यावर सापडलं: ब्लेंडरच्या सूर्याच्या अॅडऑनमध्ये ग्रिनिचपासूनचा वेळेचा फरक ५.३० टाकला होता. तो दशांश आहे, साडेपाच म्हणजे ५.५. बारा मिनिटांची चूक, वीतभर सावली. भारतात हे काम करणारा प्रत्येक जण एकदा तरी इथे पडणार.

तिसरी खेप बिघडली ती एक्स्पोजरने. लक्समीटरवर चौकातल्या उन्हात ७०,००० लक्स, माजघराच्या मागच्या भिंतीशी ३०. हा पल्ला एका पडद्यावर बसत नाही. चौक नीट दिसला तर माजघर डांबर, माजघर दिसलं तर चौक पांढराफट्ट. उपाय: दोन्ही वेगळ्या एक्स्पोजरवर भाजले आणि उंबरठा ओलांडल्यावर अडीच सेकंदांत एकातून दुसऱ्यात सरकवलं. एका सेकंदात केलं तर दिवा लावल्यासारखं वाटतं. पाच सेकंद केलं तर लोक यंत्र बिघडलं समजून थांबतात. अंधाऱ्या भिंतींवर रंगाचे पट्टे दिसत होते, बारीक दाणा मिसळल्यावर गेले.

२२ फेब्रुवारी
हेडसेटमध्ये पहिल्यांदा. ७२ हर्ट्झला (सेकंदाला ७२ चित्रं) प्रत्येक चित्र १३.९ मिलिसेकंदांत तयार व्हायला हवं. आम्हाला लागत होते २२. तीन कारणं:

एक, वस्तू सुट्या. प्रत्येक वस्तू काढायला चिपला वेगळी हाक, अशा तेराशे हाका जात होत्या. खोलीनुसार स्थिर वस्तू जोडल्या, १४० वर आलं.
दोन, टेक्श्चर. ४-केचं एक टेक्श्चर न दाबता ६४ एमबी खातं, एएसटीसी ४×४ या पद्धतीने दाबलं तर १६. आमची सोळा होती, दाबायची राहिली होती.
तीन, तुळस. वृंदावनातल्या तुळशीची पानं पारदर्शक चौकोनांवर चिकटवली होती. तिच्याजवळ गेलं की चित्र अडखळायचं, कारण एकावर एक पारदर्शक थर मोबाइल चिपला फार महाग पडतात. पानं अपारदर्शक जाळीची केली. दिसायला थोडी प्लास्टिकची. असू दे.

आता ११ ते १२ मिलिसेकंद.

मग एक विचित्र गोष्ट: दार उंच वाटत होतं. मॉडेलमध्ये माप बरोबर, ५ फूट २. हेडसेटने जमिनीची पातळी बैठकीच्या गादीवर धरली होती आणि माणूस गादीच्या बाजूला फरशीवर उभा. डोळे ११ सेंमी खाली गेले. प्रत्येक जागी नवी सीमारेषा आखताना कंट्रोलर फरशीला टेकवून पातळी पुन्हा घ्यायची. सेटिंग पाचच सेकंदांचं, पण ते चुकलं की वाड्याचं सगळं प्रमाण चुकतं.

२ मार्च
नुकसान. वाड्यात तुलना करायला दोन्ही हेडसेट नेले. क्वेस्ट २ चौकाच्या जोत्यावर भिंगं वर करून ठेवला गेला, ऊन सरकून त्यावर आलं. काही मिनिटंच. डाव्या पडद्यावर पिवळा डाग, कायमचा. भिंग ऊन एका बिंदूत आणतं, लहानपणी कागद जाळतो तसंच. आता ओसरीच्या बाहेर हेडसेट न्यायचाच नाही, ठेवायचा तर भिंगं खाली आणि वर फडकं.

आणखी दोन बारक्या गोष्टी. हेडसेटच्या चेहऱ्याला टेकणाऱ्या फोमला खोबरेल तेल आणि कुंकू लागतं, निघत नाही. सिलिकॉनचं आवरण ६५० रुपये, धुता येतं. आणि डोळ्यांमधलं अंतर प्रत्येक माणसाला चाक फिरवून लावून द्यावं, नाहीतर धूसर दिसतं आणि लोक सौजन्याने "छान आहे" म्हणून काढून ठेवतात.

८ मार्च
मंगल कार्यालयाचा रिकामा हॉल अर्धा दिवस, ६,००० रुपये. चौक आणि ओसरी खऱ्या पावलांनी चालता येईल इतकी जागा. कंट्रोलरने उड्या मारत फिरणं आणि पायांनी फिरणं यांत जमीन-अस्मानाचा फरक, म्हणून हा खर्च केला.

तासभर ट्रॅकिंग लागेना, म्हणजे आपण कुठे आहोत ते हेडसेटला कळेना. गुळगुळीत टाइल्स, पांढऱ्या भिंती, एका बाजूला भलामोठा आरसा. आरशावर सतरंजी टाकली, भिंतींवर रंगीत टेपच्या वेड्यावाकड्या पट्ट्या मारल्या. ट्यूबलाइटचा झगमगाट उरला होता, सेटिंगमध्ये ट्रॅकिंग ५० हर्ट्झवर नेल्यावर गेला.

अकरा जणांना फिरवलं. आधी एका जागी उभं करून चौकाची रुंदी विचारली. बहुतेकांनी १२ ते १३ फूट सांगितली, खरी १५ फूट २ इंच. हेडसेटमध्ये अंतर कमी वाटतं, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. दोन चकरा मारल्यावर तीच माणसं १५ वर आली. म्हणून आता आधी चालायला लावतो, मग विचारतो.

दाराचं काय करावं हा प्रश्न होता. हेडसेटमध्ये डोकं चौकटीला आपटत नाही, आरपार जातं, आणि वाकायची गरज संपली की माजघरात शिरण्यातला अर्धा अर्थ जातो. हॉलमध्ये दाराच्या जागी ५ फूट २ इंचांवर दोरी बांधून तिच्यावर ओला टॉवेल टाकला. पहिल्यांदा कपाळाला गार लागलं की दुसऱ्यांदा सगळे आपोआप वाकतात. खर्च शून्य. चार खेपा भाजलेल्या उजेडापेक्षा या टॉवेलने जास्त काम केलं, हे मान्य करायला जरा जड गेलं. उंबरठ्यासाठी फळी ठेवून पाहिली, दुसराच माणूस अडखळला, काढून टाकली.

जिन्यावर चौघांनी हेडसेट काढला. पायऱ्या दहा इंची, चढ उभा. कंट्रोलरने सरकत वर जाताना पोट ढवळतं, कारण डोळे चढतात आणि पाय जागच्या जागी. सरकणं बंद केलं. आता तीन टप्प्यांत उडी, मध्ये क्षणभर काळोख. परत कुणाला त्रास नाही.

१५ मार्च
एआर. ओसरीच्या दोन तुळया कुजल्यात. पर्याय अ: नवीन सागवान. पर्याय ब: तुळईखाली आयएसएमसी १५० चॅनेल (१५० मिमी उंचीची पोलादी तुळई) आणि एक टेकू. युनिटी या सॉफ्टवेअरच्या एआर फाउंडेशनमध्ये छोटं अॅप, अँड्रॉइड फोनवर.

नुसत्या जमिनीवर मॉडेल ठेवलं तर आठ मीटर चालेपर्यंत ते १५ ते २० सेंमी सरकतं. तुळईच्या बाबतीत हे निरुपयोगी. म्हणून खांबाच्या पायथ्याशी ए-३ चित्राची खूण लावली, ती दिसली की मॉडेल जागेवर येतं. तरी तुळई दहा सेंमी पुढे-मागे. झेरॉक्सच्या दुकानात "फिट टू पेज" चालू होतं: चित्र २९.७ सेंमी असं अॅपला सांगितलेलं, कागदावर २८.२. पाच टक्के लहान चित्र म्हणजे फोनला खूण पाच टक्के लांब वाटते. छापल्यावर पट्टीने मोजावं, मोजलेलाच आकडा टाकावा. चकचकीत फ्लेक्स नको, साधा मॅट कागद. ओसरीच्या आतल्या कोपऱ्यात फोनला दिसेना, तिथे ५० वॅटचा फ्लडलाइट लावला.

दोन गोष्टी लगेच उघड झाल्या. ब पर्यायात डोक्यावरची उंची ६ फूट १ वरून ५ फूट ७ होते. सेक्शनवर हा आकडा लिहिलेलाच होता, पण फोन वर धरून चॅनेल कपाळासमोर आल्यावर मालकांना तो कळला. आणि टेकू माजघराच्या कवाडाच्या वाटेत येतो. आमच्या ड्रॉइंगमध्ये ते कवाड बंद दाखवलेलं, त्यामुळे आमच्याही लक्षात आलं नव्हतं. सुताराने सुचवलं, चॅनेल खाली न घेता तुळईच्या दोन्ही अंगांना घ्या, मधून बोल्ट. तो पर्याय क.

१९ मार्च
रंगपंचमी. जुन्या नाशकात रहाडी (रंगाचे जुने हौद) उघडल्या, बोळात पाय ठेवायला जागा नाही. काम बंद. कॅमेरा-लॅपटॉप घेऊन त्या दिवशी जाऊही नये.

२३ मार्च
चारही घरांना दाखवलं. नाशिकची दोन वाड्यातच, ओसरीवर. बाहेरची दोन हॉल पुन्हा घेऊन, आणखी ६,०००.

सुतारालाही फिरवलं. तो दोन मिनिटांत म्हणाला, "हा तिसरा खांब आमच्या वाड्यातला नाही." खरंच. सोळांपैकी एक खांब केव्हातरी बदललेला, त्यावर नक्षी नाही आणि झोपाळ्याची कडी त्याच्या शेजारच्या तुळईत. आमच्या पंधरा नकलांनी तो पुसून टाकला होता. वहीत त्याचा फोटो होता, कुणी पाहिला नाही. त्याच खांबाखाली जोतं खचलंय, म्हणजे दुरुस्तीच्या हिशेबात तो सर्वांत महत्त्वाचा. दोन संध्याकाळी लावून तो वेगळा बांधला आणि मग बाकीचेही एकेक करून फोटोंशी ताडून पाहिले. आणखी दोघांत फरक निघाला, किरकोळ.

थोरल्या घरच्या आजींना हेडसेट जड झाला, त्यांनी खुर्चीत बसूनच पाहिलं. त्यांची एकच तक्रार: माजघरात दुपारी इतका उजेड कधी नसायचा. लक्समीटरची वही काढली. ३० हा आकडा दार उघडं असतानाचा. दुपारी कवाड लोटलेलं असायचं. ती खेप पुन्हा भाजायला लावली.

२९ मार्च
हिशेब, हेडसेट सोडून: रॅम ३,८००, हॉल दोनदा १२,०००, लक्समीटरचं भाडं १,२००, सिलिकॉन आवरण ६५०, छपाई, बांबू, टेप, खळ मिळून २,१००. बेरीज १९,७५०. जळालेला पडदा वेगळा. वेळ साधारण १९० तास. त्यातले निदान ६० टाळता आले असते: चुन्याच्या भिंती, दारातले अपुरे फोटो, ५.३० आणि खांब.

चारपैकी तीन घरं पर्याय क कडे झुकलीत, पावसाआधी तुळया बदलायच्या म्हणतात. चौथ्या घरी सगळे आयफोन आहेत, तिथे आमचं अँड्रॉइडचं अॅप चालत नाही. त्यांच्यासाठी फक्त पर्याय क चं मॉडेल यूएसडीझेड या आयफोनवर उघडणाऱ्या फाइलमध्ये काढलंय. ते खूण ओळखत नाही, जमिनीवर ठेवावं लागतं, म्हणून सोबत लिहून दिलंय: तिसऱ्या खांबाशी उभं राहूनच उघडा, बोटांनी लहान-मोठं करू नका, आणि फोन घेऊन चालत सुटू नका.